दिल्लीनं खाल्लेला डोंगर

आर. के. पुरमच्या सेक्टर सातमध्ये मलई मंदिर आहे. महाराष्ट्रातून आलेला पाहुणा नाव ऐकून हमखास दुधाच्या सायीचा विनोद करतो. तमिळमध्ये मलै म्हणजे डोंगर. दिल्लीतल्या तमिळ मंडळींना स्वामीनाथासाठी, म्हणजे आपल्या कार्तिकस्वामीसाठी, उंचावरची जागा हवी होती. ती त्यांना सरकारी क्वार्टरांच्या मधोमध सापडली आणि १९७३ मध्ये देवाची प्रतिष्ठापना झाली. टेकाड केवढं, तर आपल्याकडे त्याला कुणी नावसुद्धा ठेवलं नसतं. पण त्याच्या पोटातला दगड अरवलीचा आहे. रिंग रोड, मेट्रो, फ्लायओव्हर आणि आमचे पिवळे क्वार्टर या सगळ्यांच्या खाली हा डोंगर आहे आणि मधूनच कुठेतरी डोकं वर काढतो.

माझं सध्याचं पोस्टिंग फायलींचं आहे. ऑफिस आर. के. पुरमच्या वेस्ट ब्लॉकमध्ये, शत्रू म्हणजे 'पुट अप प्लीज' असा शेरा. वाईकडचा माणूस, त्यात खडकवासल्याला तीन वर्षं डोंगर पायाखाली घातलेले. चार दिवस उंचवटा दिसला नाही की पायांना चैन पडत नाही. त्यामुळे गेल्या दोन हिवाळ्यांत रविवारी पहाटे बूट चढवायचे आणि रिजवर जायचं, हे ठरून गेलं. वसंत विहारचं जैवविविधता उद्यान क्वार्टरपासून जवळ, असोला-भाटीचं अभयारण्य जरा लांब. या फेऱ्यांत मोर, नीलगाई, पाखरं बघितली, फोटोही काढले. पण माझं लक्ष पाखरांपेक्षा जमिनीकडे जास्त गेलं. कुठलीही जमीन दिसली की इथून कोण आलं असेल, पाणी कुठून आणलं असेल, तोफ कुठे लावली असेल, हे मनात सुरू होतं. सवयच आहे ती.

अरवली गुजरातेत पालनपूरच्या बाजूला सुरू होते आणि राजस्थान, हरियाणा ओलांडून सुमारे ७०० किलोमीटरवर दिल्लीत संपते. अबूजवळ गुरुशिखर १७२२ मीटर उंच आहे. दिल्लीत येईपर्यंत डोंगराची पाठ तेवढी शिल्लक राहते, तिलाच रिज म्हणतात. शेवटचं टोक वझिराबादजवळ यमुनेला टेकतं. दगड क्वार्ट्झाइट, शंभर कोटी वर्षांहून जुना. आपला सह्याद्रीचा काळा पत्थर त्याच्यापुढे कालचं पोर, साडेसहा कोटी वर्षांचं. सरकारी हिशेबात दिल्लीचा रिज ७,७७७ हेक्टर भरतो. त्याचे चार तुकडे आहेत: उत्तरेला विद्यापीठाजवळचा ८७ हेक्टर, मधला ८६४, मेहरौलीकडचा ६२६ आणि दक्षिणेचा ६,२००. आर. के. पुरम बसलंय मधल्या आणि मेहरौलीच्या तुकड्यांच्या दरम्यान. म्हणजे डोंगराची साखळी जिथे तुटली आहे, तिथेच आम्ही राहतो.

एका बाजूला हा खडक, दुसऱ्या बाजूला यमुना आणि मधे त्रिकोणी मैदान. लाल कोट, सिरी, तुघलकाबाद, फिरोजाबाद, शाहजहानाबाद, इतक्या राजधान्या आठशे-हजार वर्षांत याच त्रिकोणात का उभ्या राहिल्या, हे नकाशा उघडला की कळतं. पश्चिमेला आडोसा, बांधायला दगड आणि पावसाचं पाणी उतरून येणारे ओहोळ. हे ओहोळ अडवून तलाव झाले. इल्तुतमिशचा मेहरौलीचा शम्सी तलाव, अल्लाउद्दीनचा हौज खास आणि मध्य रिजच्या पायथ्याचा तालकटोरा. हौज खास तर आर. के. पुरमपासून हाकेच्या अंतरावर आहे. आज तिथे तरुण मंडळी कॉफी प्यायला जातात. खिलजीच्या काळात तिथे लष्कराची जनावरं पाण्यावर येत असणार. सैन्य पोटावर चालतं म्हणतात, पण त्या काळी ते आधी घोड्याच्या पोटावर चालायचं.

चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाला शिकारीचं वेड होतं. मध्य रिजवरचा मालचा महाल आणि उत्तर रिजवरचं पीर गैब ही त्याच्या शिकारखान्यांची उरलीसुरली पडझड. शिकारखाने बांधले म्हणजे जनावरं होती, आणि जनावरं होती म्हणजे झाडोरा होता. पण या रिजचं जंगल सलग, शतकानुशतकं तसंच राहिलं असं मात्र समजू नका. शहर वाढलं की सरपण लागतं, चरायला गुरं येतात. राजधानी हलली की झाडोरा पुन्हा वर येतो. या टेकाडांवरची हिरवळ भरती-ओहोटीसारखी आली आणि गेली.

मराठी माणसाला तालकटोरा दुसऱ्या कारणासाठी आठवायला हवा. मार्च १७३७. दोआबात मल्हारराव होळकरांच्या फौजेला माघार घ्यावी लागली होती आणि सादतखानानं बादशहाला कळवून टाकलं होतं की मराठ्यांना पार चंबळेपलीकडे पिटाळलं. बाजीरावांनी मोगलांच्या मोठ्या फौजा बाजूला टाकल्या आणि लांब पल्ल्याच्या मजला मारत थेट दिल्ली गाठली. पहिला तळ कालकाजीच्या देवळाच्या बाजूला पडला. शहर लुटायचं नाही असं त्यांनी ठरवलं आणि तळ शहरापासून मागे, तालकटोऱ्याच्या अंगाला हलवला. हे मागे सरणं म्हणजे भीती, असा दिल्लीकरांनी अर्थ लावला असावा. मोगल सरदार फौज घेऊन बाहेर पडले आणि रिकाबगंजाजवळ मार खाऊन परतले. आज त्या भागात गुरुद्वारा आहे, संसद आहे, खासदारांचे बंगले आहेत.

इतिहासाच्या पुस्तकांत ही हकिकत धाडस म्हणून येते. ती आहेच. पण तालकटोऱ्याच्या बागेत उभं राहून पश्चिमेकडे बघा. पाठीशी रिजचा उंचवटा, पायाशी पाणी, पुढे मोकळं मैदान आणि निघून जायला राजपुतान्याकडची वाट. हजारो घोड्यांचा, बिनतोफेचा, पळता तळ टाकायला याहून चांगली जागा दिल्लीत मला तरी दिसत नाही. बाजीरावांना जमीन वाचता येत होती, हे मला त्या बागेतल्या बाकावर बसून जास्त पटलं.

याच रिजच्या उत्तर टोकाला एका घाटग्यांचं नाव अजून आहे. कागलच्या घराण्यातले हिंदुराव घाटगे, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे बंधू. दिल्लीतला इंग्रज अधिकारी विल्यम फ्रेझर १८३५ मध्ये मारला गेला, त्यानंतर त्याची रिजवरची हवेली हिंदुरावांकडे आली. हिंदुराव १८५५ मध्ये वारले आणि दोनच वर्षांनी ती हवेली लढाईचं केंद्र झाली. ८ जून १८५७ ला बादली की सरायची लढाई जिंकून इंग्रज रिजवर चढले आणि १४ सप्टेंबरच्या हल्ल्यापर्यंत तिथेच चिकटून राहिले. हिंदुरावांच्या घरात मेजर रीडच्या सिरमूर बटालियनचे गुरखे होते. त्या वेळची चित्रं बघा, रिज जवळजवळ बोडका आहे. वरून शहराची तटबंदी थेट दिसते. आज त्याच जागी हिंदुराव हॉस्पिटल आहे आणि पुढे झाडीची इतकी दाटी आहे की तटबंदी सोडा, समोरचा रस्ताही धड दिसत नाही. तेव्हा प्रश्न पडतो, ही झाडी आली कुठून?

ती लावली. १९११ मध्ये राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला आणायचं ठरलं. रायसीनाची टेकडी, तीही रिजचीच, सुरुंगांनी सपाट करून तिच्यावर व्हाइसरॉयचा वाडा उभा राहिला. एवढ्या थाटाच्या वाड्यामागे उघडा खडक शोभणार नाही, म्हणून पाठीमागे हिरवा पडदा हवा होता. १९१३ मध्ये मध्य रिजचा मोठा भाग राखीव वन झाला. चराई बंद, सरपण बंद. तिथे आधीपासून गुरं चारणाऱ्या गावांना कुणी विचारलं नसणार. त्या काळात वतनाच्या जमिनी काढून घेतानाही विचारत नव्हते.

झाडं मात्र तिथे टिकेनात. खडकावर माती बोटभर, उन्हाळा भट्टीसारखा. शेवटी १९१५ च्या सुमारास अमेरिका खंडातून आलेलं एक काटेरी झाड लावून बघितलं, विलायती कीकर. हे झाड तुम्ही ओळखता. आपण त्याला वेडी बाभूळ म्हणतो. सोलापूर-उस्मानाबादकडे पडीक रानात, ओढ्याकाठी, रेल्वेच्या कडेला जी माजलेली असते तीच. तिची मुळं खोल जातात, शेंगा गुरं खातात आणि शेणातून बी पसरवतात. तिच्या सावलीत दुसरं काही नीट वाढत नाही. साहेबाला हिरवा पडदा पाहिजे होता, तो मिळाला. शंभर वर्षांत वेड्या बाभळीनं जवळजवळ सगळा रिज गिळला. दिल्लीचं विमान खाली उतरताना खिडकीतून जे हिरवंगार दिसतं, त्यातलं पुष्कळसं ही वेडी बाभूळच आहे.

मला या झाडाचा राग येत नाही. त्यानं सांगितलेलं काम चोख केलं. फौजेत अशी माणसं असतात. जिथे कुणी टिकत नाही तिथे पाठवा, टिकतात. पुढे अडचण एवढीच की त्यांच्या हाताखाली दुसरं कुणी तयार होत नाही.

दिल्लीनं रिजचा दगड तर नेलाच, पण खरी भूक पुढे वाढली. ती होती वाळूची. दक्षिण रिजमध्ये क्वार्ट्झाइट झिजून, कुजून तांबूस, भरड वाळू होते. तिला बाजारात 'बदरपूर' म्हणतात, बदरपूर गावावरून. मुंबई-पुण्याच्या गवंड्याला जशी नदीची रेती, तसं दिल्लीच्या गवंड्याला बदरपूर. आजही इथे घराचं काम काढलं की गवंडी विचारतो, किती पोती सिमेंट आणि किती बदरपूर. फाळणीनंतर दिल्ली फुगली. लाखो निर्वासित आले, मागोमाग सरकारी नोकरांच्या वसाहती आल्या. मुनिरका, मोहम्मदपूर अशा गावांच्या शिवारात रामकृष्णपुरमचे सेक्टर उभे राहिले. सेक्टर एक ते तेरा, टाइप वन ते टाइप काय ते. त्या काळात दिल्लीत जे जे बांधलं गेलं, त्याच्या गिलाव्यात रिजचं बदरपूर आहे असं धरून चालायला हरकत नाही. आमच्या क्वार्टरच्या भिंतीचा पोपडा निघाला की खाली तांबूस खर दिसते. भिंत इथे उभी राहिली, तेव्हा तेवढाच खड्डा तिकडे भाटीला पडला.

मी ज्या वसंत विहारच्या उद्यानात फिरायला जातो, तेही असंच खाणींचं रान होतं. ६९२ एकर. दगड, मोरंग, बदरपूर काढून काढून नुसते खड्डे आणि ढिगारे उरलेले, वर वेडी बाभूळ. २००४ च्या पुढे दिल्ली विकास प्राधिकरण आणि दिल्ली विद्यापीठाचे शास्त्रज्ञ, प्राध्यापक सी. आर. बाबू यांच्या पुढाकारानं, तिथे कामाला लागले. वेडी बाभूळ एका दमात तोडली नाही. टप्प्याटप्प्यानं तिच्या फांद्या छाटून ऊन खाली आणलं आणि त्या उजेडात अरवलीची मूळची झाडं लावत गेले. पळस, खैर, धौ, सालई, कुलू. आता आत चालताना काही ठिकाणी खाणीचा कडा अचानक समोर येतो. त्या खळग्यांच्या थंडाव्याचा उपयोग करून तिथे नेच्यांची आणि ऑर्किडची जागा केली आहे. फुलपाखरांचा एक भाग आहे. तितर तर पायातून उडतात. वसंत विहारमध्ये एका फ्लॅटच्या किमतीत आपल्याकडे आख्खं गाव येईल, तिथे ६९२ एकर नुसते पाखरांना ठेवलेत, हे मला दर रविवारी नवीन वाटतं.

पण उद्यान हा बराच सोपा पेपर होता. अवघड पेपर होता भाटीचा.

दक्षिण रिजवर, तुघलकाबादच्या पलीकडे, असोल्याचं अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं. भाटीचा भाग त्याला १९९१ मध्ये जोडला. दोन्ही मिळून ३२.७१ चौरस किलोमीटर. मधल्या पाच वर्षांत काय झालं? भाटीला सरकारी महामंडळाच्या देखरेखीखाली बदरपूर काढलं जात होतं, ठेकेदारामार्फत. खड्डे खोल होत गेले, कडे उभे, आधार काही नाही. १९९० मध्ये खाण ढासळली, मजूर गाडले गेले आणि उपसा बंद झाला. एक वर्षानं तीच जमीन अभयारण्यात आली. जंगल म्हणून राखलेली ती जमीन नव्हती. माणसं मेल्यावर काम थांबलं आणि मागे जे उरलं, त्याला अभयारण्य म्हटलं.

हे मजूर कोण? बरेचसे ओड समाजाचे. फाळणीत पलीकडून आलेले. पिढीजात धंदा माती खोदायचा, गाढवांवर लादून वाहायचा. आपल्याकडच्या मातीवडारांसारखे. विहिरी, कालवे, तलाव, रेल्वेचे भराव, माती म्हटलं की हे. स्वतःला ते भगीरथाचे वंशज म्हणवतात, गंगा खोदून आणणाऱ्या भगीरथाचे. त्यांच्या वस्तीचं एक नाव भगीरथ नगर आहे, दुसऱ्या मोठ्या वस्तीचं संजय कॉलनी. खाण बंद झाली तेव्हा त्यांची रोजी गेली. अभयारण्य झालं तेव्हा त्यांचं घर अतिक्रमण ठरलं. वस्ती हलवण्याचे आदेश निघाले, प्रकरण कोर्टात गेलं. संजय कॉलनी अजून तिथेच आहे, अभयारण्याच्या पोटात.

गेल्या डिसेंबरात त्या बाजूला चहाच्या टपरीवर एक म्हातारे बाबा भेटले. हाताची बोटं मुळांसारखी. मी फौजी आहे म्हटल्यावर मोकळे झाले. खड्डा कसा मोजतात ते त्यांनी टपरीच्या मातीतच काढून दाखवलं. खोदताना मधे मातीचा एक उभा खांब सोडायचा, डोक्यावर गवत तसंच ठेवायचं. संध्याकाळी मुकादम खांबाची उंची मोजतो, त्यावर मजुरी. रोजगार हमीच्या कामांवर आपल्याकडेही मी असे खांब पाहिले आहेत. बाबा म्हणाले, 'साहब, दिल्ली हमने नापी है, नीचे से.' मग विचारलं, आता जंगलात जाता का? हसले. म्हणाले, जंगल आता सरकारचं आहे, आम्ही कुंपणाच्या या बाजूला.

जंगल उभं करायचं काम आमच्याच लोकांकडे आलं, म्हणून मला भाटीचं जास्त. टेरिटोरियल आर्मीच्या इकॉलॉजिकल बटालियन हा प्रकार बऱ्याच जणांना माहीत नसतो. १९८२ च्या डिसेंबरात गढवाल रायफल्सशी जोडलेली १२७ वी बटालियन उभी राहिली. मसुरीच्या डोंगरांवर चुनखडीच्या खाणींनी जो उकिरडा केला होता, तो पुन्हा हिरवा करायचा, हे तिचं काम. पुढच्या वर्षी राजस्थानात कालव्याच्या कडेनं वाळू थोपवायला १२८ वी. जवान बहुतेक निवृत्त, पस्तिशी-चाळिशीत पेन्शनीवर आलेले. पुन्हा वर्दी घालायची, हातात कुदळ. खर्च राज्य सरकारचा किंवा पर्यावरण मंत्रालयाचा, शिस्त फौजेची. आपल्याकडे मराठवाड्यात महार रेजिमेंटशी जोडलेली १३६ वी २०१७ पासून आहे. दिल्लीसाठी राजपूत रेजिमेंटशी जोडलेली १३२ वी. ती २००० च्या अखेरीस उभी राहिली आणि तिला दिलं भाटीचं रान.

वाळू उपसलेल्या जमिनीवर माती नसते. खड्डा काढायचा, बाहेरून माती-शेणखत आणून भरायचं, रोप लावायचं, पाणी टँकरनं. हे सगळं फौज करतेच. माझ्या मते झाड लावण्यापेक्षा पुढचं काम मोठं आहे, राखणीचं. गुरं हाकलायची, लाकूडतोड्याला अडवायचं, रात्री चोरून वाळू भरायला आलेला ट्रॅक्टर पकडायचा. म्हणजे गस्त. वनखात्याकडे माणसं मोजकी, फौजेकडे गस्त घालायची सवय. मसुरीत काय किंवा भाटीत काय, हिरवळ टिकली ती जास्त करून या गस्तीमुळे, असं मला वाटतं.

फौजेची एक खोड मात्र आहे. आम्हाला आकडा आवडतो. इतकी रोपं, इतके दिवस, टार्गेट पूर्ण. जंगल आकड्यात बसत नाही. एका ओळीत लावलेली झाडं परेडसारखी दिसतात आणि परेडमध्ये घरटं कुणी बांधत नाही. सुरुवातीच्या काही लागवडीच्या रांगा अजून ओळखू येतात. नंतरच्या भागांत ओळी मोडल्या आहेत, झाडं मिसळली आहेत, खाली गवत वाढलं आहे. खाणींच्या खळग्यांत पावसाचं पाणी साठतं. त्यातल्या निळ्या पाण्याच्या डोहाला लोक नीली झील म्हणतात. पूर्वी ज्या खड्ड्यात गाढवं उतरायची, त्याच्या काठावर आता नीलगाई पाण्याला येतात. विदर्भातली मंडळी त्यांना रोही म्हणतात.

आणि बिबटे. असोल्यात मुंबईच्या बीएनएचएसचं, म्हणजे १८८३ पासूनच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं, निसर्ग शिक्षण केंद्र आहे. त्यांनी वनखात्याबरोबर लावलेल्या कॅमेऱ्यांत २०२१-२२ मध्ये आठ बिबट्यांची नोंद झाली. शिवाय तरस, कोल्हे, साळिंदरं. हरियाणाच्या बाजूची अरवली अजून थोडीफार सलग आहे, तिकडून ये-जा असते. तुघलकाबादच्या किल्ल्यापासून जवळ, करणीसिंग शूटिंग रेंजच्या अंगाला अभयारण्याचं फाटक आहे. एका बाजूला नेमबाजांच्या बारांचे आवाज आणि दुसऱ्या बाजूला बिबट्याचे पायठसे. बोरिवलीच्या नॅशनल पार्कवाल्यांना याचं नवल वाटणार नाही.

मग अरवलीचं खरं जंगल कसं होतं? ते बघायचं तर थोडं दक्षिणेला, हरियाणाच्या हद्दीत, मांगर गावाच्या बणीत जावं लागतं. तिथे मैलभर धौ आहे. आपल्या धावड्याचा हा चुलतभाऊ. गुदडिया बाबांचं स्थान, म्हणून आसपासची गावं तिथली काडी मोडत नाहीत. आपण याला देवराई म्हणतो. ना अभयारण्याची पाटी, ना बटालियन. नुसता धाक. धौची एक गंमत तिथे कळली. गुरांनी सारखं खुडलं तर हे झाड उभं राहतच नाही, खडकावर चटईसारखं पसरून वर्षानुवर्षं तग धरतं. चराई थांबली की त्याच चटईतून खोड वर येतं. असोल्यात, आणि वसंत विहारच्या उद्यानातसुद्धा, खडकाला चिकटलेल्या असल्या चटया शोधत फिरणं हा माझा नवा छंद आहे. तितरांचे फोटो काढणारे सोबती मला खुळा समजतात.

बणीभोवतीही आता जमिनींचे भाव चढलेत, फार्महाऊसच्या पाट्या लागल्यात. बाबांच्या धाकाला बिल्डर किती जुमानतील, हे सांगणं कठीण आहे. संजय कॉलनीतल्या बाबांचं घर राहतं की नाही, तेही. अभयारण्याला जागा हवी, हे मला मान्य आहे. पण ज्यांनी या दिल्लीसाठी तो खड्डा खोदला, त्यांनाच तिथले उपरे ठरवणं मला गिळवत नाही. गस्तीला, रोपवाटिकेला, वाटाड्या म्हणून, या कामांना त्या डोंगराची इंच न् इंच जमीन माहीत असलेली माणसं कुंपणापलीकडे बसली आहेत. आमच्या निवृत्त जवानांना पुन्हा कामावर घेता येतं, तर ओडांना का नाही? वरिष्ठांना विचारायचा हा प्रश्न नाही, म्हणून इथे लिहिला.

दिल्लीला येणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या. धुकं उतरलं की निघा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, कारण वेडी बाभूळ ओळख ठेवून सोडते. पाणी घरून न्या. पळस बघायचा असेल तर मार्च गाठा. असोल्यात माकडं खूप दिसतील. २००७ मध्ये हायकोर्टाच्या आदेशानंतर शहरातली माकडं पकडून इथे आणून सोडली, त्यात सरकारी कचेऱ्यांच्या परिसरातलीही होती. फायलींचा अनुभव असलेली ही जमात आहे. हातातली पिशवी घट्ट धरा आणि शेंगदाणे टाकू नका.